आधी छप्पर, मग चूल, शेवटी सोलर

होळी झाली. ऊसतोडीला गुजरातमध्ये गेलेली माणसं आपापल्या पाड्यावर परत आली. आता आखाजीपर्यंत घरोघरी एकच विषय असतो: यंदा घराचं काय करायचं? हातात थोडे पैसे असतात, गटाचं कर्ज मिळू शकतं आणि पावसाळा तोंडावर असतो. कुणी म्हणतं पत्रे बदलू, कुणी म्हणतं कूलर आणू, कुणी म्हणतं सोलर बसवू.

आमच्या गटाच्या गेल्या बैठकीत याच विषयावर दोन तास गेले. आमच्यातल्या एका मैत्रिणीनं सोलर पॅनेलसाठी कर्ज मागितलं. घर सासऱ्यांच्या काळातलं. भिंती मातीच्या, वर जुने पत्रे, दोन-तीन ठिकाणी गळणारे. आत चूल, आणि चुलीपुढे सासूबाई, वर्षभर खोकणाऱ्या. गॅस आहे, पण सिलिंडर संपला की पुढचा यायला उशीर होतो, मग चूल पेटतेच. दुकानदारानं तिला दोन किलोवॅटचा संच सुचवला होता. तिच्या मालकांनी गावात सांगूनही टाकलं होतं की आमच्याकडे सोलर येतोय.

बोलता बोलता आमच्या लक्षात आलं की तिला छप्पर, चूल, वीज, पंखा सगळंच करायचं आहे आणि सगळंच गरजेचं आहे. पैसे मात्र एका वेळी एकाच कामाचे आहेत. म्हणून खरा प्रश्न 'काय करायचं' हा नसून 'आधी काय करायचं' हा आहे. आणि हा प्रश्न आजचा नाही. गेल्या शंभरेक वर्षांत आपल्या घरांत पत्रा आला, कंदील आला, सुधारित चूल आली, तार आली, गॅस आला. कोणती वस्तू आधी आली यावर पुढच्या वस्तूचं बरं-वाईट ठरलं. आज तोच इतिहास बघू या.

जुनं घर कसं चालायचं

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात जुन्या घरांचे ढोबळ मानानं दोन प्रकार दिसतात. वर सातपुड्यात, धडगाव आणि अक्कलकुव्याकडे, भिल्ल आणि पावरा कुटुंबांची घरं लाकडी खांबांवर उभी. बांबूचा कूड, त्यावर शेणामातीचा लेप, वर गावठी कौलं किंवा गवत. खाली तापीच्या काठाला, शहादा, तळोदा, नंदुरबारकडे धाब्याची घरं. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, लाकडाच्या तुळया आणि त्यावर मातीचं सपाट छत.

ही घरं बांधली तेव्हा वीज नव्हती. त्यामुळे उजेड, वारा आणि गारवा यांची सोय घरालाच करावी लागायची. कुडाच्या फटीतून आणि दोन कौलांमधून चुलीचा धूर बाहेर जायचा. जाताना तो बांबूला आणि लाकडाला लागायचा, त्यामुळे कीड कमी लागायची. चुलीवर टांगलेलं मक्याचं बियाणंही त्याच धुरात टिकायचं. धाब्याच्या घरात जाड भिंत दिवसभराचं ऊन हळूहळू पिऊन घ्यायची, म्हणून भर दुपारी आत गार वाटायचं. रात्री सगळे धाब्यावर झोपायला. धूर जायला छताला छोटंसं भोक ठेवलेलं असायचं.

आम्ही त्या घरांचं कौतुकच करतोय असं समजू नका. आत अंधार असायचा. धूर निघायचा, पण आधी डोळ्यांत जाऊन मग निघायचा. दरवर्षी कौलं फेरायची, कूड लिंपायचा, धाब्यावर नवी माती घालायची. यातलं लिंपण-सारवण सगळं बाईच्या हाताचं. त्या कामाचा हिशेब कधी कुणी ठेवला नाही.

मग पत्रा आला. तो का आला हे समजून घ्यायला हवं. पत्रा दरवर्षी फेरावा लागत नाही, माकडं त्याला फोडत नाहीत, त्याला लाकूड कमी लागतं आणि जंगलातून लाकूड आणणं तर दिवसेंदिवस अवघड होत गेलं. पत्र्यानं बाईचे कष्ट खरोखर कमी केले. पण आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. तापलेला पत्रा ती सगळी उष्णता खाली घरात सोडतो.

पत्र्यामागोमाग विटांच्या भिंती आल्या, सिमेंटचा गिलावा आला. कुडाच्या फटी बुजल्या. पावसाचा झोत थांबला, थंडीतला वारा थांबला. चूल मात्र जुनीच राहिली, तिच्या जागीच राहिली. आधी फटीतून निघणारा धूर आता निघेना. घर पक्कं झालं आणि स्वयंपाकघर जास्त धुराचं झालं. हे कुणी मुद्दाम केलं नाही. एकेक गोष्ट वेगवेगळ्या वर्षी बदलली, म्हणून एकीचा दुसरीशी संबंध कुणाच्या लक्षात आला नाही.

मैत्रिणींनो, हा पहिला धडा पक्का ध्यानात ठेवा. घर बंदिस्त करण्याआधी धुराला वाट करून द्यायला हवी. हा क्रम उलटा झाला तर चांगल्या कामातूनही नुकसान होतं.

चुलीची गोष्ट

धुराचा त्रास बायकांना पहिल्यापासून माहीत होता. बाहेरच्या लोकांनी त्याकडे लक्ष द्यायला बराच काळ गेला. आपल्या महाराष्ट्रात या कामाची एक सुरुवात वर्ध्याला झाली. 1934 च्या शेवटी गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन केला. त्याचं काम वर्ध्याच्या मगनवाडीत चालायचं आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस होते. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या अशा उद्योगांबरोबर तिथं घरातल्या दोन गोष्टींवरही काम झालं. एक मगनचूल, म्हणजे धुराडं असलेली मातीची चूल. दुसरा मगनदीप, म्हणजे रॉकेलऐवजी बियांच्या तेलावर चालणारा दिवा.

कुमारप्पा एक साधी गोष्ट समजावून सांगायचे. जमिनीखालचं तेल आणि कोळसा हा साठा आहे, वापरला की तेवढा कमी होतो. बियांचं तेल, वाहतं पाणी, ऊन, वारा हे पुन्हा पुन्हा येत राहतं. जे संपतं त्यावर संसार उभा करू नये. आज सोलरच्या जाहिरातीत जे ऐकतो, त्याचं मूळ आपल्याकडे इतकं जुनं आहे.

पुढे हैदराबादमध्ये एस. पी. राजू या अभियंत्यानं धूर बाहेर सोडणाऱ्या चुलीचा आराखडा केला आणि 1953 मध्ये त्यावर पुस्तिका काढली. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या शेजारच्या गुजरातमधल्या काही खेड्यांत किर्क स्मिथ हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर छोटी यंत्रं लावून त्यांच्या श्वासात किती धूर जातो ते मोजलं. तोवर हवेचं प्रदूषण म्हटलं की गिरणीची चिमणी आणि शहरातल्या मोटारी डोळ्यांपुढे यायच्या. या मोजणीनं दाखवलं की सगळ्यात जास्त धूर चुलीपुढे बसलेल्या बाईच्या वाट्याला येतो.

1983 मध्ये केंद्र सरकारनं सुधारित चुलीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. तो 2002 पर्यंत चालला. देशभर तीन कोटींहून जास्त चुली बसवल्या गेल्या. आपल्यातल्या वयस्क बायांना ती निर्धूर चूल आठवत असेल. साध्या चुलीत लाकडाच्या उष्णतेचा साधारण दहावा भागच भांड्याला लागतो, बाकी वाया जातो. सुधारित चुलीनं निदान पाचवा भाग तरी भांड्यापर्यंत पोचवावा अशी अपेक्षा होती. म्हणजे तेवढ्याच स्वयंपाकाला निम्मं सरपण.

मग त्या चुली आज का दिसत नाहीत? आमच्या गटातल्या मावश्यांनी सांगितलं ते असं. चुलीचं तोंड लहान, मोठं लाकूड आत जात नव्हतं. भाकरीचा तवा आणि पातेलं त्यावर नीट बसत नव्हतं. धुराड्याचा पाइप कौलातून बाहेर काढला, पण भोवतीची फट नीट बुजवली नाही, त्यामुळे पहिल्याच पावसात पाणी चुलीत गळलं. पाइप काजळीनं भरला की साफ कसा करायचा ते कुणी शिकवलं नाही. दोन वर्षांत पाइप काढून टाकला आणि चूल फोडून जुनी मांडली. देशात इतर ठिकाणचेही अनुभव याच धर्तीचे होते. चुलीची मोजणी झाली, पण त्या चुलीवरचं छप्पर कसं आहे ते कुणी पाहिलं नाही.

सगळंच वाया गेलं असंही नाही. पुण्याच्या 'आरती' या संस्थेनं, डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकारानं, सरकारी कार्यक्रम संपल्यावरही चुलीचं काम चालू ठेवलं. कुंभारांना आणि बचत गटांच्या बायांना चुली घडवून विकायला शिकवलं. ज्या बाईला चूल दुरुस्त करता येते, तिच्या गावात चूल टिकते. हा चुलीच्या इतिहासातला दुसरा धडा.

उजेडाची गोष्ट

आता दिव्याकडे येऊ. मोहाच्या बियांचं तेल, मग रॉकेलची चिमणी, मग कंदील. कंदिलाची काच पूर्वी परदेशातून यायची. 1916 मध्ये कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा काचकारखाना उभा राहिला. औंध संस्थानानं त्यासाठी जागा दिली. त्या जागेला आज आपण ओगलेवाडी म्हणतो. तिथला 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्रभर गेला. काच रोज राखेनं पुसायची, वात कापायची, रॉकेल जपून घालायचं, हे काम घरातल्या मुलीचं. उजेड मोजून वापरायची सवय त्या पिढीला आपोआप लागली.

1960 मध्ये महाराष्ट्र राज्य आलं आणि त्याच वर्षी राज्य वीज मंडळ स्थापन झालं. हळूहळू तापीकाठच्या गावांत खांब उभे राहिले. सातपुड्यातल्या कितीतरी पाड्यांवर मात्र 2000 नंतरही तार पोचलेली नव्हती. सरदार सरोवराच्या पाण्यात ज्यांची गावं जात होती, त्यांच्या घरात त्या धरणाची वीज नव्हती.

त्याच भागातली एक गोष्ट आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक बाईला माहीत असायला हवी. धडगाव तालुक्यात उदई नदीच्या काठी बिलगाव आहे. तिथं पाण्याचा धबधबा आहे. नर्मदा आंदोलनाच्या कार्यकर्त्यांनी आणि केरळहून आलेल्या दोन तरुण अभियंत्यांनी गावकऱ्यांना सोबत घेऊन त्या पाण्यावर छोटा वीजप्रकल्प उभा केला. आधी 2000 मध्ये डोमखेडीला अगदी छोटा प्रयोग झाला होता. बिलगावचा प्रकल्प जानेवारी 2003 मध्ये सुरू झाला. क्षमता साधारण 15 किलोवॅट. बांध घालायला, चर खणायला, दगड वाहायला गावातल्या बायका आणि पुरुष श्रमदानाला आले. 'स्वदेस' हा सिनेमा तुम्ही पाहिला असेल, त्यातल्या वीजप्रकल्पाशी बिलगावचं नाव जोडलं जातं. पुढे 2006 च्या पावसाळ्यात तो प्रकल्प पाण्याखाली गेला.

ती गोष्ट आज सांगायचं कारण वेगळं आहे. 15 किलोवॅट म्हणजे 15,000 वॅट. त्यावर 60 वॅटचे जुने पिवळे बल्ब लावले तर एका वेळी 250 लागतील. 9 वॅटचे एलईडी लावले तर तेवढ्याच पाण्यावर सोळाशेच्या वर दिवे लागतील. पाणी तेवढंच, बांध तेवढाच, श्रमदान तेवढंच. वीज तयार करण्याआधी ती कशात खर्च होणार आहे हे ठरवलं तर एका गावाऐवजी कितीतरी गावं उजळतात. शहरातल्या माणसाला तारेतून हवी तेवढी वीज येते, म्हणून तो हा हिशेब मांडत नाही. आपली वीज मोजकी, आपल्याला तो मांडावाच लागतो.

योजना कोणत्या क्रमानं आल्या

गेल्या दहा-बारा वर्षांत घरासाठीच्या योजना भराभर आल्या. जानेवारी 2015 मध्ये स्वस्त एलईडी बल्बची उजाला योजना आली. 1 मे 2016 ला उज्ज्वला गॅसची सुरुवात झाली. त्याच वर्षी इंदिरा आवासच्या जागी प्रधानमंत्री आवास योजना आली. तिच्यात घरकुलाचं क्षेत्र कमीत कमी 25 चौरस मीटर ठरलं आणि त्यात स्वयंपाकाची जागा धरली गेली. सप्टेंबर 2017 मध्ये सौभाग्य योजनेतून वीजजोडण्या निघाल्या. जिथं तार नेणं शक्य नव्हतं, अशा दुर्गम घरांना या योजनेत पाच एलईडी दिवे आणि एक पंखा चालेल असा सोलर संच देण्याची सोय होती. फेब्रुवारी 2024 मध्ये छतावरच्या सोलरसाठी सूर्यघर योजना आली. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी 30,000 रुपये, तिसऱ्या किलोवॅटला 18,000 रुपये, आणि जास्तीत जास्त 78,000 रुपये अनुदान.

यातली प्रत्येक योजना आपापल्या जागी उपयोगाची आहे. पण प्रत्येक योजनेचं खातं वेगळं, फॉर्म वेगळा, साहेब वेगळा. बल्ब देणारा बल्ब मोजतो, गॅस देणारा टाकी मोजतो, घरकुलवाला हप्ते मोजतो. तुमचं छप्पर, तुमची चूल, तुमची जुनी वायर आणि तुमची सासू हे चारही एकत्र पाहायला कुणी येत नाही. ते काम घरातल्या बाईचं. योजना तिच्या क्रमानं येते, आपण आपल्या क्रमानं घ्यायची.

आमच्या गटानं लावलेला क्रम

मग आम्ही कागद घेतला आणि आमच्या मैत्रिणीच्या घराचा क्रम लावायला बसलो. तीन प्रश्न विचारले. कशामुळे रोज नुकसान होतंय? कुठलं काम दुसऱ्या कामाच्या आधाराला लागतं? आणि कुठल्या कामाला पैसाच लागत नाही? त्यातून हे निघालं.

पहिलं काम, मोजणी. तिला बिलाचा कागद आणायला सांगितला. एक हजार वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट. तिच्याकडे दोन पिवळे बल्ब, 60 वॅटचे, रोज पाच तास. महिन्याला 18 युनिट. दोन जुने पंखे, साधारण 75 वॅटचे, उन्हाळ्यात रोज बारा तास. महिन्याला 54 युनिट. दोन्ही मिळून 72. आपल्याकडे घरगुती विजेचा दर 100 युनिटच्या पुढे चढतो, म्हणून टीव्ही वगैरे धरून ती पायरी ओलांडली जाते का हे बघायचं. या कामाला खर्च शून्य.

दुसरं काम, बिनपैशाच्या सवयी. डाळ आणि कडधान्यं भिजवून शिजवायची. पातेल्यावर झाकण ठेवायचं. सरपण पावसाआधी चिरून, वाळवून, झाकून ठेवायचं, कारण ओलं लाकूड आधी स्वतःचं पाणी आटवतं आणि मग भांडं तापवतं, आणि धूरही जास्त करतं. गॅस पुरवून वापरायचा असेल तर धुराचा सगळ्यात जास्त त्रास ज्या वेळी होतो त्या वेळेसाठी, म्हणजे दारं-खिडक्या बंद असतात त्या पावसाळ्याच्या संध्याकाळी, तो राखायचा.

तिसरं काम, छप्पर. गळणारे पत्रे बदलायचे, सैल झालेले खिळे-वायसर नवे घालायचे. बाकी सगळी कामं याच्यावर उभी आहेत. धुराडं छपरातून जाणार, वायर छपराखालून जाणार, पॅनेल छपरावर बसणार. गळक्या छपराखाली मातीची भिंतही टिकत नाही. उन्हाळ्यात पत्र्याला वरून चुन्याचा पांढरा हात द्यायचा. पांढरा रंग ऊन परतवतो आणि आतली काहिली कमी होते. चुना पावसात धुऊन जातो, म्हणून दर उन्हाळ्यात लावायचा. झोपण्याच्या खोलीत पत्र्याखाली वीतभर जागा सोडून बांबूची चटई ताणून बसवली तर आणखी फरक पडतो. चुलीच्या वर मात्र चटई लावायची नाही, आगीची भीती असते.

चौथं काम, धुराची वाट. हे छपराच्या कामाच्या जोडीनंच करायचं, कारण पत्रा उघडलेला असतानाच धुराड्याचं भोक नीट पाडून भोवतीची फट बुजवता येते. दर महिन्याला पाइप झाडायचा, हे कुणाचं काम ते आधीच ठरवायचं. धुराडं जमत नसेल तर चूल पडवीत न्यायची, किंवा चुलीच्या वर भिंतीत उंचावर मोठा झरोका ठेवायचा. हे होईपर्यंत भिंतींच्या फटी बुजवायच्या नाहीत, गिलावा करायचा नाही. जुन्या घरांच्या इतिहासातून जे शिकलो ते इथं वापरायचं.

पाचवं काम, वायरिंग. जुन्या घरात वायर उघड्या असतात, जोड टेपनं गुंडाळलेले असतात, अर्थिंग नसतं. मातीची भिंत पावसात ओली होते आणि तिला हात लावला तरी झटका बसतो. नवी वस्तू जोडण्याआधी जाणकार वायरमनकडून हे दुरुस्त करून घ्यायचं. यातून वीज फारशी वाचत नाही, जीव वाचतो.

सहावं काम, दिवे आणि पंखे. बल्ब लगेच बदलायचे, खर्च थोडा आणि फायदा पहिल्या महिन्यापासून. पंखे एकेक करून. नवे बीएलडीसी पंखे साधारण 30 वॅट घेतात. घेताना त्यावरचं तारांकन बघायचं, जास्त तारे म्हणजे कमी वीज. दोन एलईडी आणि दोन नवे पंखे धरले तर 72 युनिटांचे साधारण 24 होतात. वापर एक-तृतीयांशावर येतो आणि उजेड-वारा तेवढाच राहतो.

सातवं काम, सोलर. आपल्याकडे एक किलोवॅटचं पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिटच्या आसपास वीज देतं, म्हणजे महिन्याला साधारण 120. दुकानदारानं सुचवलेला दोन किलोवॅटचा संच महिन्याला 240 युनिट देईल, आणि तिचे दिवे-पंखे लागणार 24 युनिटांवर. न लागणाऱ्या विजेसाठी ती कर्जाचे हप्ते फेडणार होती. शिवाय गळक्या, गंजलेल्या पत्र्याला पॅनेलचे बोल्ट मारले असते, म्हणजे आणखी भोकं. दोन वर्षांनी पत्रा बदलायची वेळ आली की सगळं पॅनेल उतरवायचं आणि पुन्हा चढवायचं.

सोलर वाईट आहे असं आमचं म्हणणं नाही. गिरणी, शिलाई मशीन किंवा फ्रिज घेऊन धंदा करायचा असेल तर सोलर लवकरही घ्यावा लागेल. जिथं तारच नाही अशा पाड्यावर छोटा सोलर दिवा पहिल्या दिवसापासून हवाच, तिथं पोरांचा अभ्यास आणि रात्रीचं बाळंतपण त्यावर चालतं. प्रत्येक घराचा क्रम थोडा वेगळा निघेल. तीन प्रश्न मात्र तेच राहतील.

पुढे काय झालं

आमच्या मैत्रिणीनं सोलरचा अर्ज मागे घेतला आणि त्याहून लहान रकमेचं कर्ज घेतलं. पत्रे, धुराडं आणि वायरिंग यांसाठी. ती खूश झाली असं सांगणार नाही. घरी तिला बोलणी खावी लागली. सोलर दारावरून दिसतो, लोक विचारतात. धुराडं कुणाला दिसत नाही. तिचे मालक म्हणाले, गटानं आमची गावात शोभा केली.

मग तिनं घरात एक गोष्ट केली. सासूबाईंना विचारलं, आई, तुम्हाला आधी काय हवं? त्या म्हणाल्या, मला चुलीपुढे डोळे उघडे ठेवून भाकरी करता यावी. पन्नास वर्षांत हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच कुणी विचारला होता. त्यानंतर घरातला वाद थांबला. पाइप बसवायला मालक स्वतः पत्र्यावर चढले.

काम आत्ता चालू आहे. धुरानं इतक्या वर्षांत केलेलं नुकसान एका पाइपनं भरून येणार नाही, सासूबाईंना दवाखान्यातही दाखवायचं आहे. पंखे दिवाळीनंतर घ्यायचे ठरलेत. सोलरचा विचार पुढच्या होळीला, तेव्हा नव्या वापराचं बिल समोर ठेवून.

मैत्रिणींनो, आखाजीला लेकी माहेरी येतील, झोके बांधले जातील, घर भरलेलं असेल. त्याच्या आधीच्या एका बैठकीत एवढं करा. प्रत्येकीनं आपलं वीजबिल आणायचं. घराचं साधं चित्र काढायचं. कुठं गळतं, कुठं धूर कोंडतो, कुठली वायर उघडी आहे आणि दुपारी कुठल्या खोलीत बसवत नाही, हे त्यावर खुणेनं दाखवायचं. मग चुलीपुढे जी बसते तिला पहिल्यांदा बोलू द्यायचं आणि तिचं म्हणणं यादीत वर लिहायचं. यादी झाली की मगच दुकानात जायचं.

तुमच्या यादीत पहिलं काय आलं ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भागात धुराड्याचा पाइप साफ कसा करायचा ते आमच्या मावशी सांगणार आहेत. नमस्कार.